जेनाची भिंगे, क्रास्नोगोर्स्कचा शिक्का (थ्रेड)

जुनी लेन्स घ्यावी की नवी, या प्रश्नापाशी येणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला बहुधा पहिले नाव सुचवले जाते ते 'हेलिओस-४४' चे. ५८ मिमी, एफ/२. चेहऱ्यामागची पाने भोवऱ्यासारखी गरगरताना दाखवणारी ही सोव्हिएत लेन्स. तिची वंशावळ मात्र रशियात सुरू होत नाही.

१८९६ साली जर्मनीतील जेना येथे, झाइस कारखान्यात, पॉल रुडॉल्फ यांनी 'प्लानार' ही लेन्स रचली. रचना उत्तम, पण हवा आणि काच यांच्या सीमा तब्बल आठ. प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. आठ सीमा ओलांडेपर्यंत पावपटीहून अधिक प्रकाश वाया जातो. आणि तो नुसता वाया जात नाही, भिंगांमध्ये इकडेतिकडे आदळून चित्रावर धूसर पडदा पसरवतो. त्यामुळे कमी सीमा असलेली साधी 'टेसार' लोकप्रिय झाली आणि प्लानार मागे पडली.

याच घराण्यातली रचना पुढे झाइसच्याच विली मेर्टे यांनी 'बायोटार' या नावाने विकसित केली. १९३५ साली अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ परावर्तनरोधी लेप चढवण्याची पद्धत शोधली. चष्म्यावर आज जे 'कोटिंग' सहज मागितले जाते, त्याचे हे पूर्वज. आठ सीमांची अडचण सुटण्याचा मार्ग त्यातून खुला झाला.

मग १९४५ उजाडले. एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य जेनात शिरले. हा प्रदेश सोव्हिएत वाट्याला जाणार हे ठरलेले असल्याने, ताबा सोडण्यापूर्वी अमेरिकनांनी झाइसचे निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे नेले. त्यांच्यातून ओबरकोखेन येथे दुसरे झाइस उभे राहिले. मागाहून आलेल्या सोव्हिएतांनी यंत्रसामग्री उचलली आणि १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये उरलेल्यांपैकी अनेक तज्ज्ञांनाही कुटुंबांसह सोव्हिएत संघात हलवले. माणसांना विचारण्याचा प्रश्न दोन्ही वेळा फारसा आला नाही. एका नावाचे दोन कारखाने झाले, आणि नाव कोणाचे याचे खटले दशकानुदशके चालले. जुन्या बाजारात 'झाइस' ऐवजी नुसते 'आउस जेना' कोरलेली लेन्स दिसते, ती याच भांडणाची खूण.

मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात बायोटारची रचना सोव्हिएत काचेसाठी नव्याने बेतली गेली. तीच हेलिओस-४४. पुढे झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती प्रचंड संख्येने तयार झाली. म्हणूनच आजही स्वस्त मिळते.

आता त्या भोवऱ्याविषयी. लेन्सच्या नळकांड्याची कड तिरप्या येणाऱ्या किरणांना कापते, त्यामुळे चित्राच्या कडेला प्रकाशाचे ठिपके गोल न राहता लिंबाच्या आकाराचे होतात. कडेचे दृष्टिदोष त्यांना आणखी ताणतात. हे सारे केंद्राभोवती रांगेत बसले की पार्श्वभूमी फिरल्याचा भास होतो. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आज ज्याला 'कॅरॅक्टर' म्हणून पैसे मोजले जातात, तो दोष कमी करण्यासाठीच रचनाकार धडपडत होते. आधुनिक लेन्स ही त्यांच्याच प्रयत्नांची पूर्तता आहे: बहुस्तरीय लेप, अॅस्फेरिकल भिंगे, संगणकाने केलेले गणित. जुन्या लेन्समध्ये 'आत्मा' असतो हे विधान इतिहासाला धरून नाही. त्या काळाची मर्यादा असते, आणि ती कधीकधी सुंदर दिसते.

निवड करताना उपयोगी पडतो तो आणखी एक जुना आकडा. एम-४२ स्क्रू माउंटची लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिमी अंतरावर बसते. सोनीच्या ई-माउंट मिररलेस कॅमेऱ्यात हे अंतर १८ मिमी आहे. उरलेले अंतर साध्या पोकळ अडॅप्टरने भरते. निकॉनच्या एसएलआरमध्ये ते ४६.५ मिमी, म्हणजे जास्त. तेथे दूरचे डोंगर स्पष्ट येण्यासाठी काचेचा अडॅप्टर लागतो आणि चित्र बिघडते. फोकस सर्वत्र हातानेच. धावत्या मुलाचे किंवा कबड्डीच्या चढाईचे छायाचित्र हवे असेल, तर नव्या लेन्सला पर्याय नाही.

आणि कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे काढलेली जुनी लेन्स घेताना तिच्यातून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती लेप खाते, नंतर काचही, आणि पुसल्यावरही तिचे ओरखडे राहतात.