एकाच कपाटातली पुस्तकं

संगणकवाल्यांच्या तोंडी ‘लायब्ररी’ हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा वाटलं, ही नुसती उपमा असावी. पण नाही! १९४९ साली इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांचा ‘एडसॅक’ संगणक सुरू झाला. काही ठरावीक कामं अनेक गणितांत पुन्हा पुन्हा लागायची. ती दर वेळी नव्याने लिहिण्यापेक्षा त्यांच्या भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या चक्क एका कपाटात ठेवल्या गेल्या. हवी ती पट्टी काढायची, आपल्या पट्टीवर तिची नक्कल उतरवायची आणि मूळ पट्टी जागेवर ठेवायची. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांचं त्यावरचं पुस्तक १९५१ साली निघालं.

म्हणजे ग्रंथालय खरं, पण ज्याने त्याने नक्कल करून घरी न्यायची! युनिक्सवरही बरीच वर्षं हेच चाललं. लायब्ररीतला लागेल तेवढा भाग प्रत्येक प्रोग्रॅममध्ये चिकटवला जाई. दहा प्रोग्रॅम, तर त्याच मजकुराच्या दहा प्रती. १९८० च्या दशकात खिडक्या-चित्रांचे प्रोग्रॅम आले, लायब्रऱ्या फुगल्या आणि ही उधळपट्टी परवडेना. १९८८ च्या ‘सनओएस ४.०’ मध्ये आजच्यासारखी सामायिक लायब्ररी आली. प्रत एकच, प्रोग्रॅममध्ये फक्त तिचं नाव. प्रोग्रॅम सुरू होताना ‘लोडर’ ते नाव वाचतो, प्रत शोधतो आणि जोडून देतो.

आता ती प्रत सापडलीच नाही तर? प्रोग्रॅम जागीच थांबतो.

शोधायची रीत साधी आहे. ‘एलडीडी’ ही आज्ञा दिली की प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी येते. नसेल तिच्यापुढे ‘नॉट फाउंड’. मग ती डिस्कवर भलत्याच जागी आहे का ते पाहायचं. असेल तर ती जागा लोडरच्या यादीत लिहून ‘एलडीकॉन्फिग’ चालवायचं. नसेल तर ती कोणत्या पॅकेजात येते ते हुडकायचं. नावापुढचा आकडा मात्र नीट वाचावा. ५ मागितली आणि ६ हाताशी आहे, म्हणून ६ लाच ५ चं नाव देऊन भागत नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, पानं बदलली, की जुन्या आवृत्तीतल्या ‘पान ४५’ चा दाखला निरुपयोगी होतो ना, तसंच हे.

हा आकडा लिनक्सवर १९९७-९८ च्या सुमारास खरोखरच बदलला. आधीची ‘लिबसी-५’ गेली, ‘लिबसी-६’ आली. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने १९९६ मध्ये शाळेच्या जुन्या दाखल्यांतली नावं शोधणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो मुलगा आज हयात नाही. त्याने लिहिलेला मूळ मजकूरही हरवला. उरली ती तयार फाइल. चालवायला गेलं की उत्तर यायचं, ‘अशी फाइल नाही’. फाइल तर डोळ्यांसमोर! नसलेला होता तो तिचा जुना लोडर. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात लोडर आणि लिबसी-५, दोन्ही मिळाले. जुन्या संगणकावर प्रोग्रॅम चालू झाला, आणि पडद्यावर सर्वांत वर त्या मुलाचं नाव आलं. मी जरा वेळ नुसता बसून राहिलो.

एवढा खटाटोप, तर ज्याची त्याची प्रत बरी नव्हे का? तसं म्हणणारे आजही आहेत. फ्लॅटपॅक, स्नॅप यांत प्रोग्रॅम आपली बरीचशी शिदोरी बरोबरच आणतो. पण मार्च २००२ आठवा. ‘झेडलिब’ या लायब्ररीत सुरक्षेचा दोष सापडला. सामायिक प्रत वापरणाऱ्यांसाठी एक फाइल बदलली की काम झालं. ज्यांनी आपापली नक्कल पोटात ठेवली होती, असे प्रोग्रॅम मात्र एकेक हुडकून दुरुस्त करावे लागले.

सामायिक वस्तू जपायला कुणीतरी लागतंच. डेबियनच्या त्या संग्रहात पंचवीस वर्षं जुनी लायब्ररी कुणीतरी नीट ठेवली होती, म्हणून आमचं काम झालं. ते कोण, मला ठाऊक नाही. त्यांना नमस्कार.