तडा आणि भेग

वैशाखात आमच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मिरगाच्या पावसाने त्या मिटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपलेले असताना, किल्लारीजवळ जमीन फाटली. ती भेग पावसाने मिटणारी नव्हती. दगडमातीच्या भिंतींखाली गावंच्या गावं गाडली गेली, हजारो माणसं गेली. पुढे या भेगेची साक्ष एका वायूने दिली. वायूची साक्ष काढण्याच्या या विद्येचं मूळ काचेला गेलेल्या एका तड्यात आहे.

१८२३ च्या सुमारास जर्मनीतल्या येना इथे योहान डोबेरायनर या रसायनतज्ज्ञाने पाण्यावर उपड्या ठेवलेल्या काचपात्रात हायड्रोजन भरला होता. पात्राला बारीक तडा होता. काही तासांनी पाहतो तर आतलं पाणी वर चढलेलं! तड्यातून हायड्रोजन निसटला होता आणि त्याची जागा भरेल इतकी हवा आत आली नव्हती.

हे कोडं स्कॉटलंडच्या थॉमस ग्रॅहमने हाती घेतलं. नळीच्या तोंडाला त्याने प्लास्टर ऑफ पॅरिसचं सच्छिद्र बूच बसवलं. हवेचा एक भाग आत येईपर्यंत हायड्रोजनचे सुमारे ३.८ भाग बाहेर जात. एकेक वायू तपासून १८३३ मध्ये त्याने नियम छापला: वायूचं विसरण त्याच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात होतं. पत्र्यातल्या सूक्ष्म छिद्रातून निर्वातात निसटणाऱ्या वायूंनाही त्याने १८४६ मध्ये हाच हिशेब लावला. त्यामागचं कारण गतिज सिद्धांताने पुढे उलगडलं. तापमान सारखं असेल तर सगळ्या वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जाही सारखी असते, म्हणून हलका रेणू जास्त वेगाने पळतो. हेलियमचं मोलर वस्तुमान ४, ऑक्सिजनचं ३२. वस्तुमानात फरक आठपट, वेगात मात्र आठाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे २.८ पट. २७ अंश सेल्सिअसला हेलियमचे रेणू सेकंदाला सुमारे १,३७० मीटर वेगाने धावतात, ऑक्सिजनचे ४८४.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या ओक रिज इथे युरेनियमचे समस्थानिक याच नियमाच्या आधारे वेगळे केले जात होते. तिथल्या यंत्रणेत एकही गळती चालणार नव्हती. तेव्हा नळीवर बाहेरून हेलियम सोडायचा आणि तो आत शिरला का ते वस्तुमानमापकाने पाहायचं, अशी रीत बसली. हेलियम फटी शोधण्याच्या कामाला लागला तो असा.

किल्लारीनंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथल्या मातीतल्या हवेत हेलियम मोजला. जमीन फाटलेल्या जागी तो असाधारण वाढलेला आढळला. १९९४ मध्ये हा निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळ्या हवेत हेलियम दहा लाखांत जेमतेम ५ भाग असतो. जादाचा हेलियम येतो तो खालून. किल्लारीखाली सुमारे ३४० मीटर बेसाल्ट आहे आणि त्याखाली अतिप्राचीन खडक. अशा खडकांतल्या युरेनियम आणि थोरियमच्या विघटनातून हेलियम सतत तयार होतो. हलका, चिमुकला, कुणाशीही संयोग न पावणारा हा वायू भूजलाच्या आणि इतर वायूंच्या सोबतीने फटींतून वर येतो. भूकंपाची तारीख त्याच्याकडून कळत नाही. जमीन कुठे उघडी आहे, ते मात्र कळतं. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीच्या भूकंपाचे धक्के नांदेडलाही बसले. ते सोसलेल्या माणसांना या माहितीचं मोल सांगायला नको.

२०१६ च्या ‘नीट’ परीक्षेत ग्रॅहमच्या याच नियमावर प्रश्न होता: छिद्र असलेल्या भांड्यातून निम्मा हायड्रोजन निसटेपर्यंत तितक्याच मोल ऑक्सिजनचा किती अंश निसटेल? उत्तर एक-अष्टमांश. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत मुलं ते क्षणात काढतात. त्या मुलांना एकदा किल्लारीला न्यायला हवं. वहीतलं ते छिद्र त्यांच्याच मातीत केवढं मोठं होतं, ते तिथे उभं राहून त्यांना कळेल.