राउटर चालू, बाहेरची तार तुटलेली: लिनक्सवरील ‘नेटवर्क मॅनेजर’ची उभारणी व मांडणी

लिनक्सवर चालणाऱ्या बहुसंख्य संगणकांत इंटरनेटची जोडणी सांभाळण्याचे काम ‘नेटवर्क मॅनेजर’ ही पार्श्वभूमीत सतत चालणारी सेवा करीत असते. रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यापूर्वी लॅपटॉप घरच्या वाय-फायवरून कार्यालयातील केबलवर न्यायचा तर अनेकदा मांडणीच्या फाइली हाताने बदलाव्या लागत. सी भाषेत लिहिलेल्या या मुक्त आज्ञावलीची १.० ही आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये आली. आज फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स, उबुंटूची डेस्कटॉप आवृत्ती यांत ती मूळचीच असते. २०२३ पासून रास्पबेरी पायच्या अधिकृत प्रणालीनेही जुनी व्यवस्था सोडून तिचाच स्वीकार केला आहे.

पावसाळ्यात फांदी कोसळून केबल तुटणे ही गोव्यात नित्याची बाब आहे. म्हणून लहान कार्यालये, शाळा आणि वाचनालये फायबरच्या जोडीला मोबाइलचा डोंगल ठेवतात. तरीही तार तुटल्यावर संगणक आपोआप डोंगलकडे वळत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिचे कारण बहुधा यंत्रात नसून मांडणीत असते.

उपकरण वेगळे, जोडणीची नोंद वेगळी

नेटवर्क मॅनेजरची सारी रचना एका भेदावर उभी आहे. केबलचे पोर्ट, वाय-फायचे कार्ड, डोंगल ही झाली उपकरणे. त्यांच्यावर कोणत्या पत्त्याने, कोणत्या पासवर्डने आणि कोणत्या अग्रक्रमाने जोडणी उभारायची, हे सांगणारी लेखी माहिती म्हणजे जोडणीची नोंद. एकाच वाय-फाय कार्डासाठी दहा ठिकाणच्या दहा नोंदी असू शकतात. मात्र एका वेळी त्यांतील एकच कार्यरत राहते.

या नोंदी ‘इटीसी’ निर्देशिकेतील ‘नेटवर्कमॅनेजर’ या उपनिर्देशिकेत, ‘सिस्टिम-कनेक्शन्स’ नावाच्या कप्प्यात साध्या मजकुराच्या फाइली म्हणून राहतात. त्यांत पासवर्ड उघड स्वरूपात असू शकतो. त्यामुळे फाइलीची मालकी ‘रूट’कडे आणि वाचण्या-लिहिण्याची परवानगी केवळ त्याच्यापुरती असावी लागते. इतरांना वाचता येईल अशी फाइल ही सेवा स्वीकारत नाही. हाताने उतरवलेली नोंद यादीत दिसत नसेल, तर प्रथम परवानगी तपासावी. फाइल हाताने बदलल्यावर ‘एनएमसीएलआय’ या आज्ञेने नोंदी पुन्हा वाचायला लावाव्या लागतात. एरवी जुनीच नोंद चालू राहते.

पासवर्ड कोठे ठेवला आहे, यालाही महत्त्व आहे. तो वापरकर्त्याच्या वैयक्तिक किल्ली-संचात असेल, तर त्या व्यक्तीने लॉगिन करेपर्यंत वाय-फाय जोडले जात नाही. शाळेतील सामाईक संगणक वीज परत येताच आपोआप जोडला जावा असे वाटत असेल, तर पासवर्ड नोंदीच्या फाइलीतच ठेवावा आणि ती जोडणी सर्व वापरकर्त्यांसाठी खुली करावी.

मार्ग कसा निवडला जातो

एकाच वेळी केबल, वाय-फाय आणि डोंगल जोडलेले असतील, तर बाहेर जाणारी माहिती कोणत्या मार्गाने जाईल, हे ‘मेट्रिक’ या आकड्यावर ठरते. लहान आकड्याचा मार्ग आधी निवडला जातो. वेगळे काही सांगितले नसेल, तर नेटवर्क मॅनेजर केबलला १००, वाय-फायला ६०० आणि मोबाइल मोडेमला ७०० असा आकडा देतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही डोंगल स्वतःच छोट्या राउटरसारखे वागतात. ते संगणकाला मोडेम म्हणून नव्हे, तर केबलचे कार्ड म्हणून दिसतात. अशा डोंगलच्या नोंदीत मेट्रिक स्वतःहून वाढवून लिहावा.

मूळ अडचण अशी की, बाहेरची तार तुटली तरी खोलीतील राउटर चालूच असतो. संगणक आणि राउटर यांच्यामधली केबल शाबूत असते, राउटर पत्ताही देतो. संगणकाच्या दृष्टीने १०० आकड्याचा मार्ग जिवंतच असतो आणि सारी माहिती त्या बंद वाटेकडे जात राहते.

यावरचा उपाय म्हणजे जोडणी-तपासणी. मुख्य मांडणीत ‘कनेक्टिव्हिटी’ या शीर्षकाखाली एक पत्ता लिहिला, की ही सेवा ठरावीक अंतराने तेथून अपेक्षित उत्तर येते का, हे पाहते. अंतर सांगितले नसेल तर ते ३०० सेकंदांचे असते. ज्या उपकरणावरून उत्तर येत नाही, त्याच्या मार्गाच्या मेट्रिकमध्ये २०,००० मिळवले जातात. केबलचा आकडा १०० वरून २०,१०० होतो, ७०० चा डोंगल पुढे येतो आणि काम चालू राहते. तार जोडली गेली, की दंड उठतो आणि केबल पुन्हा पहिली होते.

काही डिस्ट्रिब्युशनमध्ये ही तपासणी वेगळ्या पॅकेजातून मिळते. ते पॅकेज बसवलेले नसेल आणि पत्ताही लिहिलेला नसेल, तर तपासणी होतच नाही. पाच मिनिटांचा खंड परवडत नसेल, तर अंतर कमी करता येते. मात्र दर तपासणीत संगणक बाहेरच्या एका सर्व्हरशी संपर्क साधतो, याचे भान असावे. ज्यांना ते नको, त्यांनी बाहेरच्या स्वतःच्या सर्व्हरवर उत्तराचे एक छोटे पान ठेवून त्याचा पत्ता द्यावा. ते पान कार्यालयाच्या आतील जाळ्यात ठेवून उपयोग नाही. तार तुटली तरी तेथून उत्तर येतच राहील.

स्रोतापासून उभारणी

बहुतेकांनी डिस्ट्रिब्युशनचे तयार पॅकेजच वापरावे. एखादी नवी सोय हवी असेल, किंवा लहान यंत्रासाठी अनावश्यक भाग वगळायचे असतील, तरच स्रोतापासून उभारणी करावी. स्रोत फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर उपलब्ध आहे. उभारणीसाठी ‘मेसॉन’ आणि ‘निंजा’ ही साधने वापरली जातात. ‘जीलिब’, ‘लिबयूडेव्ह’ आणि ‘लिबएनडीपी’ ही ग्रंथालये विकास-फाइलींसह लागतात.

बाकीचे बरेचसे ऐच्छिक आहे. डोंगल वापरायचा तर ‘मोडेममॅनेजर’चा आधार चालू ठेवावा. वर सांगितलेल्या तपासणीला ‘लिबकर्ल’ लागते; तो पर्याय वगळून उभारणी केली, तर मांडणीत पत्ता लिहूनही काही घडत नाही. मजकुरी पडद्यावरील ‘एनएमटीयूआय’साठी ‘न्यूट’ हवे. वाय-फायसाठी ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ किंवा ‘आयडब्ल्यूडी’ ही वेगळी सेवा यंत्रावर असावी लागते.

सर्वाधिक फसगत होते ती ‘प्रीफिक्स’ या पर्यायात. काही न सांगता उभारणी केली, तर मेसॉन ‘यूएसआर-लोकल’ हे स्थान धरतो. मग नवी सेवा मांडणीही त्याच स्थानाखालील ‘इटीसी’मध्ये शोधते आणि सगळ्या नोंदी नाहीशा झाल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात त्या जुन्या जागी सुरक्षित असतात. म्हणून ‘प्रीफिक्स’ला ‘यूएसआर’ हे मूल्य द्यावे आणि मांडणीचे स्थान मूळ ‘इटीसी’ आहे, याची खात्री करावी. बसवण्यापूर्वी सोबतच्या चाचण्या चालवाव्यात आणि जुने पॅकेज हाताशी ठेवावे. जाळेच बंद पडले, तर ते पुन्हा उतरवून घेण्याची वाटही बंद होते.

एका घरात दोन कारभारी

‘सिस्टिमडी-नेटवर्कडी’ किंवा ‘डीएचसीपीसीडी’ या सेवाही जोडणी सांभाळतात. त्यांतील एक आणि नेटवर्क मॅनेजर एकाच उपकरणावर चालू ठेवल्यास दोघेही पत्ते व मार्ग बदलत राहतात. एकाची निवड करून दुसऱ्याला त्या उपकरणापासून दूर ठेवावे. डेबियनमध्ये उपकरणाचे नाव जुन्या ‘इंटरफेसेस’ फाइलीत असेल, तर मूळ मांडणीनुसार नेटवर्क मॅनेजर त्याला हात लावत नाही. यादीत ते ‘अनमॅनेज्ड’ दिसते.

दूरच्या संगणकावर काम करताना अधिक सावधगिरी हवी. नोंदीतील बदल जोडणी पुन्हा उभी केल्यावरच अंमलात येतो. तो चुकला, तर स्वतःचाच संपर्क तुटतो आणि कोणाला तरी प्रत्यक्ष तेथे जावे लागते. यासाठी ‘चेकपॉइंट’ची सोय आहे. बदलापूर्वीची स्थिती जपली जाते आणि ठरलेल्या वेळेत बदल पक्का केला नाही, तर यंत्र आपोआप पूर्वस्थितीत येते.

जोडणी बिघडल्यास तपासाचा क्रम ठरलेला असावा. उपकरण दिसते का आणि ते या सेवेच्या ताब्यात आहे का, हे प्रथम पाहावे. मग नोंद कार्यरत आहे का, त्यानंतर सर्वांत लहान मेट्रिक कोणत्या मार्गाचा आहे आणि शेवटी नावांचे पत्ते सापडतात का, हे तपासावे. तरीही उलगडा न झाल्यास ‘जर्नल’मधील या सेवेच्या ओळी वाचाव्यात. आणि डोंगलची खरी परीक्षा पावसाची वाट न पाहता करता येते: राउटर चालू ठेवून त्याला बाहेरून येणारी तार काढावी आणि पाच मिनिटांनी एखादे संकेतस्थळ उघडते का, हे पाहावे.