स्टीन्स पर्वतावरील ज्युनिपर : न लागलेल्या वणव्यांचा इतिहास

१/ अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या आग्नेय भागात, स्टीन्स पर्वताच्या परिसरात, एक जुनी गोल पागा उभी आहे. हिवाळ्यात घोडे शिकवता यावेत म्हणून पीट फ्रेंच या पशुपालकाने ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधली. तिच्या छपराचा भार ज्युनिपरच्या खोडांवर आहे. त्या काळी हा वृक्ष येथे मोजक्या जागी आढळत असे. आज त्याने डोंगरउतार व्यापले आहेत. हे कसे घडले?

२/ ज्युनिपर हा सूचिपर्णी, सदाहरित वृक्ष मूळचा येथलाच. ऑरेगॉनच्या खडकाळ कड्यांवर हजार वर्षांहून अधिक वयाचे ज्युनिपर आजही आहेत. कड्यांवर गवत विरळ, त्यामुळे वणवा तेथवर क्वचितच पोहोचे. माळावर मात्र गवताचे आणि सेजब्रश नावाच्या करड्या, उग्र वासाच्या झुडपांचे राज्य होते.

३/ ते राज्य वणव्याने राखले होते. खोडांवरील जळाल्याच्या खुणा व वार्षिक वलये पाहून अभ्यासक जुन्या वणव्यांची वर्षे निश्चित करतात. या प्रदेशातील उंचावरच्या माळांवर साधारणतः एक-दोन दशकांनी वणवा येत असे. ज्युनिपरचे कोवळे झाड त्यात मरे. गवत मुळांतून पुन्हा फुटे. बहुतेक वणवे विजेने लागत. काही उत्तर पायूट लोक शिकारीसाठी व रानबियांच्या सुगीसाठी लावत. त्यांचे प्रमाण किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

४/ १८७२ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी फ्रेंच कॅलिफोर्नियातून सुमारे १२०० गुरे घेऊन येथे आला. त्याच वर्षी पायूटांसाठी मॅलहूर राखीव प्रदेश निर्माण झाला. १८७८ च्या बॅनॉक युद्धानंतर शेकडो पायूटांना भर हिवाळ्यात, बर्फातून चालवत वॉशिंग्टन प्रांतातील याकिमा येथे नेण्यात आले. पुढे त्यांचा राखीव प्रदेश वसाहतवाल्यांना खुला झाला.

५/ गुरांमागोमाग मेंढ्यांचे प्रचंड कळप आले. १९०१ मध्ये या भागात फिरलेल्या डेव्हिड ग्रिफिथ्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने अतिचराईने माळांची झालेली दुर्दशा नोंदवली. गवत हेच वणव्याचे इंधन होते. ते गुराढोरांच्या पोटात गेले आणि वणव्याची साखळी तुटली. त्यातच काही दशके हवामान तुलनेने सौम्य व ओलसर राहिले. रोपांना आणखी काय हवे होते?

६/ झाडांची वलये याला दुजोरा देतात. रिचर्ड मिलर आणि जेफ्री रोझ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्टीन्सवरील अभ्यासानुसार ज्युनिपरच्या विस्ताराला १८८० च्या दशकात आरंभ झाला. पुढे सरकारी धोरणानेही हातभार लावला : १९३५ मध्ये वन विभागाने प्रत्येक वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत आटोक्यात आणण्याचा दंडक घातला. १९३६ ते १९८८ या काळात पूर्व ऑरेगॉनमधील ज्युनिपर वनांचे क्षेत्र सुमारे पाचपट झाले.

७/ झाडे वाढली, यात वाईट ते काय? पक्ष्यांनी टाकलेले बी सेजब्रशच्या सावलीत रुजते. पुढे तेच झाड आश्रयदात्या झुडपाचे पाणी तोडते. झुडूप वाळते, गवत विरळ होते, उताराची माती उघडी पडून वाहू लागते. सेजब्रशवर जगणारा सेज ग्राउज हा पक्षी तर मोजकी झाडे उगवली तरी जागा सोडतो. हिरवाई वाढली, जीवन आटले.

८/ यावरचा पहिला मोठा उपाय आंधळा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः शेजारच्या नेवाडा व युटा राज्यांत, दोन बुलडोझरांमध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधून ज्युनिपर आणि पिन्यॉन पाइनची राने सरसकट उपटण्यात आली. हेतू गुरांसाठी चारा वाढवण्याचा होता. त्यात जुने वृक्ष गेले, आणि मूलनिवासींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न असलेल्या पिन्यॉनच्या बियाही गेल्या.

९/ आज पद्धत अधिक सावध आहे. २००० च्या स्टीन्स पर्वत कायद्याने ज्युनिपर व्यवस्थापनाच्या प्रयोगांसाठी स्वतंत्र क्षेत्र राखले. यंत्रकरवतीने निवडक तोड होते, कोठे नियंत्रित आग लावली जाते. पण उष्ण, सखल भागांत आगीनंतर चीटग्रास हे परके गवत पसरते आणि वणवे अतोनात वाढतात. एकच औषध सर्व माळांना लागू पडत नाही.

१०/ म्हणूनच करवत चालवण्याआधी झाडाचे वय पाहतात. साधारण १८७० पूर्वीचे असेल तर ते राखायचे. नंतरचे असेल तर तोडता येते. वनस्पतिशास्त्राने ओढलेली ही रेषा पायूटांच्या विस्थापनाच्या काळावरूनच जाते. त्यांच्या वंशजांना बर्न्स गावाजवळ छोटासा राखीव प्रदेश मिळाला तो १९७२ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. माळ पूर्ववत करायचा म्हटले, तर तेव्हा त्यावर कोण राहत होते, हा प्रश्नही त्यासोबत येतोच.