साथ कोणाची कोणाला?

मी मॅट्रिकच्या पलीकडे गेलो नाही, त्यामुळे ‘पदवी’ या शब्दाचा धाक मला अजून वाटतो. पण युरोप-अमेरिकेतल्या संगीतविद्यालयांत व्हायोलिनची पदवी कशी मिळते हे वाचले, तेव्हा आमच्याकडचे पदवीधर फारच स्वस्तात सुटले असे वाटले. तिथे नुसते पेपर लिहून भागत नाही. उमेदवाराने व्यासपीठावर उभे राहून तासाभराची जाहीर मैफल करायची. समोर परीक्षक आणि आप्तमंडळी, पाठीशी पियानो.

या पियानोवाल्याकडे कोणी फारसे बघत नाही. टाळ्या पडतात त्या उमेदवाराला. पण गंमत पाहा. व्हायोलिनवाल्याच्या पुढ्यातल्या कागदावर फक्त त्याचे स्वर असतात. पियानोवाल्याच्या कागदावर मात्र स्वतःच्या दोन ओळी आणि त्यांच्यावर बारीक अक्षरांत व्हायोलिनची तिसरी ओळ छापलेली असते. म्हणजे दोघांची बाजू डोळ्यांपुढे असलेला इसम एकच! व्हायोलिनच्या तारा लावायच्या त्याही पियानोच्या सुरावर. महिनोन्‌महिने तालीम चालते ती यासाठी, की कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे थांबायचे, हे दोघांना न बोलता कळावे.

मुळात मान पियानोच्या घराण्याचाच होता. १७६४ साली पॅरिसमध्ये आठ वर्षांच्या मोत्सार्टचे पहिले सोनाटा छापले गेले. त्यांच्या मुखपृष्ठावर लिहिले होते की, हे हार्पसिकॉर्डसाठी आहेत, व्हायोलिनच्या साथीनेही वाजवता येतील. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोची थोरली बहीण. व्हायोलिन बिचारे असले तर असले, नसले तर नसले! वीस वर्षांनी, १७८४ च्या एप्रिलात, व्हिएन्नात रेजिना स्ट्रिनासाकी या इटालियन वादक तरुणीबरोबर मोत्सार्टने नवा सोनाटा वाजवला. तिचे स्वर कसेबसे लिहून झाले होते; आपले लिहायला त्याला वेळच मिळाला नाही. जवळजवळ कोरा कागद पुढे ठेवून तो वाजवीत राहिला, आणि बादशहाने दुर्बिणीतून ते हेरले, अशी आख्यायिका आहे. मोत्सार्टला हे शोभले. पदवीच्या उमेदवाराने त्याचा कित्ता गिरवू नये.

माझे मन गुंतले आहे ते सेझार फ्रांकच्या सोनाट्यात. आजही पदवीच्या मैफलींत तो वारंवार वाजतो. युजेन यझाई या बेल्जियन वादकाला फ्रांकने १८८६ च्या सप्टेंबरात तो लग्नाचा आहेर म्हणून पाठवला. लग्नघरीच घाईघाईने एक तालीम करून यझाईने पाहुण्यांना तो ऐकवला. पियानोवर होती लेओंतीन बोर्द-पेन. फ्रांकचे हात चांगले लांबरुंद. त्यामुळे त्याच्या स्वरांचे घोस गाठताना भल्याभल्यांची बोटे ताणतात. शेवटच्या भागात तर पियानो चाल सुरू करतो आणि व्हायोलिन एका मात्रावर्तनाच्या अंतराने तीच चाल म्हणत मागून येते. सांगा आता, साथ कोणाची?

त्याच साली डिसेंबरात ब्रुसेल्सच्या चित्रसंग्रहालयात जाहीर वादन ठरले. कार्यक्रम लांबला, हा सोनाटा शेवटी आला आणि हिवाळ्याची संध्याकाळ उतरली. चित्रांच्या भीतीने तिथे दिवा लावायला सक्त मनाई. पहिला भाग संपतो न संपतो तोच कागदावरचे काही दिसेना. लोक उठायच्या बेतात असतील. पण यझाईने पुढे चालू ठेवण्याची खूण केली. उरलेले तीन भाग दोघांनी काळोखात, मुखोद्गत वाजवले. व्हायोलिनवाल्याला निदान आपले वाद्य हातात तरी असते. ऐंशीवर पट्ट्यांवर लांब उड्या घेणाऱ्या त्या बाईने बोटे कशी टाकली असतील, याचे मला राहून राहून नवल वाटते.

१८९० साली तिला अर्धांगाचा झटका आला आणि तिच्या मैफली थांबल्या. यझाई मात्र तो सोनाटा गावोगाव वाजवीत राहिला. पियानोवर त्याच्याबरोबर पुढे राउल प्युन्यो बसू लागला.