ती पुंगी नव्हतीच

१९५४ साली ‘नागिन’ आला, तेव्हा हेमंतकुमारांच्या संगीतातली पुंगी लोकांनी खरी मानली. ती पुंगी नव्हतीच. कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हायोलिन नावाचे विजेचे वाद्य वाजवले होते. जोडीला रवी यांची हार्मोनियम. १९४७च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झालेल्या या वाद्यात ना भाता, ना तार. काचेच्या व्हॉल्व्हमधून सूर निघे, तोही एका वेळी एकच, आणि आवाज कमीजास्त करावयाचा तो गुडघ्याने. पुढे १९६२ साली इंग्लंडात ‘टेलस्टार’ ही उपग्रहाच्या नावाची धून याच वाद्यावर गाजली. आज मुले कानाला हेडफोन लावून जे तरंगते, धुक्यासारखे इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकतात, त्याच्या पूर्वजांत ‘नागिन’ मोजावाच लागेल.

ते गाणे घरात आले कसे, हेही पाहावे. बा. वि. केसकर मंत्री झाल्यावर, १९५२पासून, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. (केसकर मराठी, हे आपण सहसा विसरतो.) १९५७मध्ये विविध भारती सुरू होईपर्यंत श्रोत्यांना आधार होता तो रेडिओ सिलोनचा. लघुलहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परतून येत. त्यामुळे गाणे चढे, विरे, पुन्हा उमटे. यंत्रातला सूर असा आणखी स्वप्नवत होऊनच कानी पडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेली. राज्य बदलले, कोलंबो मात्र रेडिओच्या त्याच काट्यावर लागत राहिले.

हे संगीत उपरे, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. निपाणीहून मिरज काही लांब नाही. तिथल्या तानपुऱ्याची करामत कोणती? घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून जवारी खुलवली, की छेडल्याचा आघात मागे पडतो, नाद तरंगत राहतो, आणि खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. न वाजवलेला सूर ऐकण्याची ज्या कानांना सवय आहे, त्यांना वाजवणारा हात न दिसणारे संगीत परके का वाटावे?

आणि रियाजाला बसणारे आपलेच लोक आता विजेचा तानपुरा लावतात. त्याला कोणी उपरा म्हणत नाही. खरे तर तक्रार करायचीच तर तिथे करावी. त्याचा नाद फार सरळ, एकसारखा फिरणारा. कल्याणजींच्या त्या सुराला निदान माणसाचा गुडघा लागलेला होता.