परकं ओळखणाऱ्या पेशी

किडनी बदललेल्या माणसाला डॉक्टर बजावतात, गोळ्या जन्मभर घ्यायच्या. वर्ष-दोन वर्षं छान गेली की त्याच्या मनात येतं, आता कशाला? या ‘कशाला’चं उत्तर इतिहासात आहे.

साल 1943, गाव ग्लासगो. भाजलेल्या एका तरुणीच्या जखमांवर सर्जन टॉमस गिब्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेदावर यांनी तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. काही दिवसांत ते नष्ट होऊ लागले. त्याच भावाचे तुकडे दुसऱ्यांदा लावले होते, ते तर अधिकच लवकर गेले. म्हणजे शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली होती.

पण लक्षात ठेवलं कोणी? पुष्कळांचा संशय रक्तातल्या प्रतिपिंडांवर होता. 1950च्या दशकात एव्हरियन मिचिसन यांनी उंदरांवर प्रयोग केले. परकी गाठ नाकारलेल्या उंदराचा रक्तद्रव दुसऱ्याला टोचला, तर फरक पडेना. लसीकाग्रंथींतल्या पेशी टोचल्या, तेव्हा मात्र नकारही सोबत गेला! 1961 मध्ये जॅक मिलर यांना दिसलं, की जन्मतःच थायमस ग्रंथी काढलेले उंदीर परकी त्वचा निमूट स्वीकारतात. याच थायमसवरून या पेशींना पुढे टी-पेशी म्हणू लागले.

मग 1954 मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी केलेलं किडनी प्रत्यारोपण टिकलं कसं? दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते. पेशींना परकं असं काही दिसलंच नाही. बाकीच्यांना जुळं भावंडं कुठून आणायचं? त्यांच्यासाठी औषधं आली. 1971 मध्ये वेल्लोरला भारतातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं. टी-पेशींना नेमकं आवरणारं सायक्लोस्पोरिन 1983 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

प्रतिपिंडंही निर्दोष नव्हती. ती आधीपासून रक्तात असली, तर नवी किडनी काही मिनिटांतही निकामी होऊ शकते, हे 1969 मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी दाखवलं. म्हणून आज शस्त्रक्रियेआधी क्रॉसमॅच करतात.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. गोळ्या या पेशींना फक्त आवरून धरतात. किडनी परकी आहे, हे त्या सहसा विसरत नाहीत. म्हणून बरं वाटतंय ते गोळ्यांमुळे, हे घरातल्या सगळ्यांनीच लक्षात ठेवायचं.